जोहाराला वन्स मोअर

"वन्स मोअर." पहिल्या रांगेतून आवाज आला आणि माझा बाप दुसऱ्यांदा वाकला.

कपाळ मातीला टेकायचं तेवढं राहिलं. काठीची घुंगरं वाजली. "जोहार मायबाप, जोहार," तो म्हणाला. या खेपेला जरा मोठ्याने, कारण मागच्यांना नीट ऐकू गेलं नव्हतं म्हणे. लोक टाळ्या पिटत होते. एकाने अर्धा खाल्लेला पेढा वरूनच त्याच्या घोंगडीत टाकला. मी हे सगळं स्टेजच्या कडेला खुर्चीवर बसून बघत होतो. माझ्या गळ्यात हार होता.

तो हार मला कुणी घातला नव्हता. टेबलावर ठेवला आणि "घाल" म्हणून सांगितलं.

आमच्या पुण्याच्या कॉलेजचा तो मदत-जलसा. अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या फंडासाठी. पैसा बारामतीत होता, कालव्याच्या पाण्यावर गब्बर झालेल्या बागायतदारांकडे आणि गुळाच्या अडत्यांकडे. म्हणून सुट्टीत जलसा तिथं भरवला. शाळेच्या पटांगणात गॅसच्या बत्त्या, दारात गुलाबपाणी, आत खाऊची दुकानं. फंड कुणासाठी ते लोकांना दिसावं म्हणून मला खुर्चीत बसवलं होतं. माझी पुढच्या वर्षाची फी त्याच फंडातून निघायची होती. ती निघाली नाही तर कॉलेज संपलं, हे मला माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं. तहान लागली तेव्हा मात्र पाण्याच्या हंड्यापाशी मला जाऊ दिलं नाही. कुणीतरी लांबून ओंजळीत ओतलं. माझ्याच फंडाचं पाणी.

कार्यक्रमात सोंगं होती. कुणी गोसावी, कुणी पठाण. माझ्या वर्गातला एक अडत्याचा मुलगा येसकर होणार होता. येसकर म्हणजे गावाची वेस राखणारा, सांगावे पोचवणारा महार. संध्याकाळी दारोदार जोहार घालून त्याने भाकरी मागायची. आमच्या गावी, कळसला, ही पाळी आमच्या घराकडे होती. फंडाच्या सेक्रेटरीने मला आधीच विचारलं होतं, "तुझ्या वडिलांची खरी काठी आणि घोंगडी मिळेल का? हुबेहूब वाटलं पाहिजे."

मी निरोप धाडला. आबा काठी-घोंगडी घेऊन कळसहून चालत आला.

पण अडत्याच्या मुलाने त्या घोंगडीकडे नुसतं पाहिलं आणि नाक मुरडलं. पेठेतून नवी कोरी घोंगडी आली, बांबूला घुंगरं बांधली गेली. आबाला पटांगणाभोवतीच्या दोरीच्या बाहेर बसायला सांगितलं. तो बसला. त्याला वाईटसुद्धा वाटलं नाही. याची मला जास्त चीड आली.

अडत्याचा मुलगा तोंडाला काजळी फासून आला. जोहार घालताना त्याची कंबर वाकेना. वाकणार कशी, सात पिढ्यांत सवय नाही. लोक कंटाळले. तेव्हा सेक्रेटरी हसत पुढे आला. "खरा येसकर बाहेर बसला असताना हे सोंग कशाला? बोलवा त्याला."

आबाने माझ्याकडे पाहिलं. मग सेक्रेटरीकडे. मग उठला आणि दोरीखालून आत, स्टेजपुढे आला.

त्याने रोज करतो तसंच केलं. तसूभर कमी नाही, जास्त नाही. पटांगण खदखदून हसलं. गुलाबपाण्याच्या वासाची मला आजही शिसारी येते ती तेव्हापासून.

आणि मग ते वन्स मोअर.

आबा वाकलेला असतानाच मी उठलो. हार काढून टेबलावर ठेवला. खाली उतरून त्याचा दंड धरला.

"आबा, ऊठ. चल."

सेक्रेटरी दबक्या आवाजात म्हणाला, "तुझ्याच फीसाठी चाललंय हे. बस जागेवर."

"मला ही फी नको," मी म्हणालो.

"शिकवलं की हे असं होतं," पहिल्या रांगेतला अडत्या शेजाऱ्याला म्हणाला. मी ऐकावं इतक्या मोठ्याने म्हणाला.

आम्ही इंदापूरच्या रस्त्याला लागलो. आबा एकदम थांबला.

"फी कोन भरनार आता?"

"बघू."

"काय बघू? म्या कमरंत वाकलो, त्यात तुजं काय गेलं?"

"लाज वाटली."

तो रागावला नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं. "रोज सांजच्याला दारोदारी ह्योच जोहार घालतुया. त्या भाकरीवर तू येवढा झालास. तितं कंदी लाज वाटली न्हाय, आन आज बत्त्यांत वाटली व्हय?"

"तिथंही वाटायला हवी होती," मी म्हणालो. बाप अडाणी, मी कॉलेजात, आणि हे मला त्याने दाखवलं. बत्त्यांखाली जे किळसवाणं होतं ते पाटलाच्या दारात किळसवाणंच होतं. तिथं टाळ्या नव्हत्या इतकंच. त्या अडत्यांची मला घाण वाटत होती, ती तशीच राहिली. पण आता माझ्या घशाखाली गेलेल्या एकेका शिळ्या तुकड्याचीही वाटायला लागली. आबाची नाही. त्याला वाकवून तो तुकडा ज्यांनी टाकला त्यांची.

कळसला पोचल्यावर मी काठी उचलली आणि चावडीकडे निघालो. आई आडवी आली, "आरं, चूल कशावर पेटल?" मी थांबलो नाही. आबा माझ्यामागून आला, मला अडवायला की माझ्याबरोबर, ते त्यालाही ठाऊक नसावं.

पाटील पान लावत बसला होता. मी काठी त्याच्यापुढे जमिनीवर ठेवली.

"आमच्या घरातून आजपासून येसकरकी बंद."

पाटलाने माझ्याकडे बघितलंही नाही. माझ्या खांद्यावरून आबाला विचारलं, "काय रं, पोरगं काय म्हनतंय? उद्या काय माती खानार?"

आबाने जोहार घातला नव्हता. चावडीत शिरताना पहिल्यांदाच घातला नव्हता. पाटलाच्या ते ध्यानात यायला वेळ लागला, आणि आलं तेव्हा त्याच्या हातातलं पान तसंच राहिलं.

"माती खाऊ," आबा म्हणाला. "मागून न्हाय खानार."

फंडाची फी बुडाली, कॉलेज सुटलं. मी वालचंदनगरच्या साखर कारखान्यात गाड्यांतून ऊस उतरवायला गेलो. तिथं मुकादमाच्या शिव्या खाल्ल्या, पण घामाची मजुरी घेतली. पुस्तकं ट्रंकेत आहेत आणि ट्रंक माझ्या उशाला आहे. परत कॉलेजात जाईन तर माझ्या कमाईवर जाईन. नाही जमलं तर हमाल म्हणून मरेन. पण माझ्या शिक्षणासाठी माझ्या घरातलं माणूस परत कुणापुढे वाकणार नाही. आणि जो वाकायला सांगेल, त्याच्यापुढे मी गप्प बसणार नाही, मग तो हार देवो नाहीतर भाकरी.