खुंटा सरकवणारे काका

आमच्या दूधवाल्या काकांइतका संतापी माणूस अख्ख्या नवी मुंबईत सापडायचा नाही, आणि त्यांचा निम्माअधिक संताप म्हशीच्या मुतावरून असायचा. पावणे गावच्या कारखान्यांकडे पाठ करून आमची सोसायटी उभी आहे. तिच्या मागे काकांच्या वडिलोपार्जित जमिनीचा उरलेला एक तुकडा. त्यावर गवत, गवतावर एक म्हैस आणि म्हशीच्या जिवावर आमच्या विंगमधल्या सात-आठ घरांचा चहा.

काका म्हशीचा खुंटा रोज उपटून दोन हात पुढे ठोकत. म्हैस मुतते तिथलं गवत पंधरा दिवसांत गर्द हिरवं होतं, पण एकाच जागी मुतत राहिली तर करपतं, म्हणून कानाकोपऱ्याची पाळी यायलाच हवी, हा त्यांचा कायदा. एकदा ते लग्नाला गेले आणि ही जबाबदारी माझ्यावर आली. भर एप्रिलात मी चार दिवस विसरलो. परतल्यावर ते करपलेलं वर्तुळ बघून काका असे ओरडले, की तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी गॅलरीत धावल्या. "चार दीस सगला जेवन एकाच ताटान वाढलंस! बाकीची जमीन उपाशी!" भरपाई म्हणून मी युरियाची गोणी नेली, तर आणखी भडकले. "पोटॅश कोन देनार, तुजा बाप? म्हशीच्या मुतान युरिया न पोटॅश दोनी हाय!"

मग सोसायटीच्या मीटिंगमध्ये वासाचा विषय निघाला. दूध सकाळी ताजं हवं, म्हशीने मात्र मुतायचं नाही, असा हा सुशिक्षित हट्ट! आजही आठवलं की माझं डोकं फिरतं, आणि सगळ्यात जास्त फिरतं ते स्वतःवर. कारण सेक्रेटरी म्हणून तक्रारीचा अर्ज मीच लिहिला, चांगला मुद्देसूद, खुंट्याचं सगळं शास्त्र माहीत असून. महापालिकेचे साहेब आले, नाकाला रुमाल लावून बघून गेले. म्हैस सिमेंटच्या पक्क्या ओट्यावर बांधायची आणि मूत गटारात सोडायचं, असा हुकूम झाला.

काका माझ्या दारात येऊन कडाडले, "सेक्रेटरी, गटाराला पाजतंस? गटार दूद देनार हाय काय तुला?"

"काका, नियम आहे," मी म्हणालो. इतकं बुळबुळीत वाक्य मी आयुष्यात दुसरं बोललो नसेन.

काकांनी शेण पसरलं, पाणी घातलं, पण पुढच्या पावसाळ्यात गवत फिकं आणि विरळ आलं. विकतच्या चाऱ्यावर म्हैस पोसणं त्यांना झेपेना. दिवाळीच्या आधी द्रोणागिरीकडच्या एका ओळखीच्या माणसाने ती घेतली. टेम्पोला उशीर झाला, तेवढा वेळ काकांनी तिला ओट्यावरून सोडून गवतात, जुन्या खुंट्याला बांधलं. आता आमच्याकडे पिशवीचं दूध येतं. वास अजिबात येत नाही.

पंधरा दिवसांनी मागच्या गेटने जाताना काका दिसले. त्या पिवळट गवतात परातीएवढा एकच गोल गर्द हिरवा झाला होता आणि त्याच्याशेजारी ते उकिडवे बसले होते. मी जवळ गेलो आणि शिव्यांची वाट बघत उभा राहिलो. मला त्या हव्याच होत्या.

"बग," काका हळूच म्हणाले, "जाता जाता देऊन गेली."

मग सवयीने त्यांनी खुंटा उपटला आणि दोन हात पुढे ठोकला.