चिवणीच्या खाडीत एक दिवस

मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. सरळ लिहितो.

बायकोबरोबर शेवटचं साधं काम केलं ते खाडीतली चिवणी मासळी साफ करण्याचं. ती मोरलीवर (विळीवर) बसलेली, मी टोप धरून मांजर हाकत होतो. एका चिवणीत गाभोळी (माशाची अंडी) भरलेली निघाली. नात मानसी म्हणाली, "आजी, अशी अंड्यांसकट खाल्लीत तर पुढे चिवणी येणार कुठून?"

"मंग शिक ना, सांग लोकांना," बायको म्हणाली.

त्याच आठवड्यात ती गेली. तेव्हापासून घरात मासळी आली नाही.

मानसीला बारावीनंतर मत्स्यशास्त्र शिकायचंय. तिचा बाप, म्हणजे माझा मुलगा, म्हणतो, मासळीला कॉलेज कशाला? शेवटी मला म्हणाला, "बाबा, खाडीवर असली कामं कशी असतात ते तुम्ही तिला घेऊन जाऊन बघा. तुम्ही नाही म्हटलंत तर ऐकेल ती."

म्हणून मी आणि मानसी डोंबिवलीहून निघालो. दिवा गेलं, मुंब्र्याचा डोंगर गेला. ठाण्याला पूर्वेला उतरून रिक्षाने खाडीवर. ओहोटी होती. चिखलात गुलाबी पाखरं माना खाली घालून चरत होती. "रोहित," मानसी म्हणाली. इतकी वर्षं खाडीकाठी राहून मला नाव ठाऊक नव्हतं.

होडीत वनखात्याची रक्षक होती, भारती. खाकी कपडे, पायात गमबूट. मी थेट विचारलं, "पगार वेळेवर होतो का गं?"

"होतो काका. पण जागा कमी, परीक्षा कठीण. मी दोनदा आपटले."

"आणि मासळीचं शिकलेल्यांना?"

"मत्स्यखात्याच्या परीक्षा आहेत. नाहीतर कोळंबीचे तलाव, खेकडापालन. नाहीतर कंत्राटावर पाहणीची कामं. आज आहे, उद्या नाही."

गोड बोलली नाही, ते बरं वाटलं. मानसीचं तोंड मात्र उतरलं.

होडीवाले नाखवा हसले. "ह्या बाई आल्या का मी बंदीचा बारीक जाळा लपवतो."

"कुठे लपवता तेही ठाऊक आहे मला," भारती म्हणाली.

"मंग धरत का नाय?"

"धरलं तर दुसरं आणाल. पटलं तर नाही आणणार."

नाखवा वल्ही मारत राहिले. मग म्हणाले, "चिवनी नावाला उरलीय, ता खरा."

होडीतच भाकरी आणि वालाचं बिरडं खाल्लं. उतरताना मी गुडघ्यापर्यंत रुतलो. दोघी पोरींनी ओढून काढलं. एक चप्पल खाडीने ठेवून घेतली. एका पायाने अनवाणी घरी येताना विचार करत होतो. एमआयडीसीतल्या कारखान्यात मी कायम नोकरीला होतो. तो कारखानाच राहिला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाजारात गेलो. आमची नेहमीची कोळीण म्हणाली, "वैनींना लागायची तशी गाभोळीची चिवनी ठेवलीय."

"नको."

"मेलेली हाय बाबा, सोडलीत तरी पोहणार नाय."

"आम्ही मागतो म्हणून तुम्ही आणता," म्हटलं आणि बोंबील घेतले.

घरी येऊन बायकोची मोरली पुढ्यात ओढली. मुलगा दारात उभा. "सांगितलंत ना तिला?"

"तिला नाही, तुला सांगतो. जाऊ दे. नोकरीची खात्री नाही, ते तिने स्वतःच्या कानांनी ऐकलंय. तरी रात्री फॉर्म भरत बसलेली."

"आणि नाहीच जमलं तर?"

"तर मोरली आहेच घरात."

मानसी आतून टोप घेऊन आली, माझ्या जागेवर बसली आणि मांजर हाकू लागली.