नळ आल्यावर आधी काय करायचं

संध्याकाळी शाळेतून येऊन मी पर्स खुंटीला अडकवते न अडकवते तोच अण्णांचा फोन यायचा. हॅलो नाही, कशी आहेस नाही, सरळ मुद्द्याला हात. डाळ धुतली, कुकरमध्ये टाकली, पुढं काय?

आई गेली, त्यानंतरचे हे महिने. छावणीतल्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात वडील, म्हणजे अण्णा, एकटेच राहिले. मी लग्नानंतर उस्मानपुऱ्यात, धाकटा भाऊ नोकरीपायी पुण्यात. दिवसपाणी आटोपल्यावर भाऊ त्यांना सोबत चला म्हणाला, तर अण्णा म्हणाले की मला माझ्या घरात राहायचंय, मला फक्त कामं शिकवा. भावानं दिवाळीपर्यंतची मुदत दिली. तोवर एकट्याचं जमलं तर ठीक, नाही तर पुण्याला यायचं. शिकवायचं कुणी, यावर मात्र कुणी काही बोललं नाही. बोलायचं काय त्यात? मी होतेच. पेशानं शिक्षिका, वरून मुलगी.

अण्णांचं आयुष्य मोटारींच्या वर्कशॉपमध्ये गेलेलं. इंजिन उघडायचं तर कोणता नट आधी आणि कोणता मागून, हे ठरलेलं असतं, त्यात मनमानी चालत नाही. घरकामही त्यांना तसंच हवं होतं. मी म्हणायचे, मीठ अंदाजानं टाका. ते शांतपणे विचारायचे, अंदाज कोणत्या डब्यात हाय? मी म्हणायचे, भाकरीच्या पिठात पाणी लागेल तसं घाला. लागेल तसं म्हणजे पिठाला लागेल तसं का मला? मग मी हातातलं काम टाकून आठवत बसायची, आपण नेमकं किती घालतो. आठवायचं नाही. हाताला माहीत असतं, तोंडाला माहीत नसतं. शेवटी मी माझ्या ओट्यावर पीठ घ्यायची, फोन खांद्याला धरायची आणि स्वतःच्या हाताकडं बघून त्यांना सांगायची. दिवसभर सहावीच्या पोरांपुढं ओरडून घसा बसलेला असायचा. इकडं नवरा आणि मुलगी ताटं घेऊन बसलेली. नवरा ताट थोडं पुढं सरकवायचा, ते मला ऐकू यायचं.

सांगितलं ते मात्र अण्णा तंतोतंत करायचे. एकदा फरशी पुसायला सांगितली. आधी झाडून घ्या, मग पुसा, दारापासून सुरुवात करू नका, हे सगळं सांगायला हवं होतं. मी नुसतं पुसा म्हणाले. ते दारापासून पुसत पुसत आत गेले आणि शेवटी भिंतीला टेकलेल्या पलंगावर चढून बसले. फरशी वाळेस्तोवर तिथंच. मला फोन केला, की मी इथं अडकलोय, पुढं काय? मी हसले तेव्हा. खूप दिवसांनी हसले होते, तेही हसले असावेत.

पण एरवी मी थकून गेले होते, हे खरंच सांगते. सकाळी शाळेच्या गडबडीत दुधावर साय कधी धरते याचा फोन, दुपारच्या सुट्टीत कपडे किती वेळ भिजवायचे याचा. दर रविवारी रिक्षा करून छावणीत जायचं आणि आठवडाभराचं बघून यायचं. आई होती तेव्हा मी माहेरी गेले की ती दारातच थांबवायची. तांब्याभर पाणी पायावर घेतल्याशिवाय उंबरा ओलांडू द्यायची नाही. मग बस म्हणायची, मग चहा. आता मी चपला काढून थेट ओट्याशी जायची. माहेर आणि सासर यात मधलं रिक्षाचं अंतर तेवढं उरलं होतं.

मग ते पाण्याचं झालं.

आमच्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही. बाहेरगावच्या माणसाला हे सांगितलं की तो म्हणतो, मग एक दिवसाआड येतं का? आम्ही हसतो. आठ-दहा दिवसांनी एकदा आलं तरी नशीब. पाण्याचा दिवस आला की सुट्ट्या, लग्नाची निमंत्रणं, आजारपणं सगळं बाजूला राहतं. आणि त्या दिवशी एक गंमत होते. काल संध्याकाळपर्यंत ड्रममधलं जे पाणी आपण तुपासारखं जपून वापरत होतो, ते नळ आला की क्षणात शिळं होतं. घरोघरी जुनं पाणी अंगणात ओतलं जातं, ड्रम आडवे पडतात, घासण्याचे आवाज येतात. नवं पाणी शिळ्यावर भरायचं नाही, हा आमच्याकडचा रिवाज. आईनं तो कधी मोडला नाही.

मीही अण्णांना तोच सांगितला. नळ आला की आधी जुनं पाणी ओतून द्या, मग ड्रम घासा, खंगाळा, मग नळी लावा. त्यांनी ते शब्दन्‌शब्द माझ्यापुढं म्हणून दाखवलं. पुढचे काही महिने तसं जमतही गेलं.

मग एका रविवारी मी गेले तर तिन्ही ड्रम मोरीपाशी पालथे घातलेले, लखलखीत. मला आधी कौतुकच वाटलं. मग सिंकमध्ये खरकट्या ताटांची चळत दिसली. माठ कोरडा. ओट्यावर चुरमुऱ्यांची पिशवी आणि शेजारच्यांनी दिलेली एक कळशी, तिच्यात तळाला पाणी. अण्णांची दाढी वाढलेली. मी विचारलं, तर म्हणाले, काही नाही, सगळं ठीक आहे. फोनवरही आठवडाभर ते हेच म्हणत होते, आणि या आठवड्यात पुढं काय विचारणारे फोन कमी आले म्हणून मी सुटकेचा श्वास घेतला होता.

हळूहळू कळलं. पाण्याच्या दिवशी पहाटे नळ फुसफुसला. अण्णा तयारच होते. नळ आला, म्हणजे आधी जुनं ओता. त्यांनी तिन्ही ड्रम अंगणात रिकामे केले. उरल्यासुरल्या पाण्यानं घासले, खंगाळले, नळी लावली आणि वाट बघत बसले. नळातून नुसती हवा येत राहिली, मग तीही थांबली. वरच्या बाजूला कुठंतरी पाइप फुटला होता. त्या दिवशी अख्ख्या गल्लीला पाणी आलं नाही, पण गल्लीतल्या बाकी कुणाचे ड्रम रिकामे नव्हते.

मी मोरीपाशीच बसले. आई असं करायची का? नाही. ती नळाखाली हात धरून उभी राहायची. धार हाताला लागली, गढूळ जाऊन नितळ आलं, पहिली बादली भरली, की मग ड्रमला हात. आणि तरीसुद्धा जुन्या पाण्याची एक घागर झाकून बाजूला ठेवायची. हे तिनं मला कधी सांगितलं नाही. बघून बघून मीही तेच करते, आणि मीही ते सांगितलं नव्हतं. यात सांगण्यासारखं काही आहे असंच कधी वाटलं नव्हतं. अण्णांनी त्या घरात सगळा संसार केला, पण नळ यायच्या वेळी ते एक तर वर्कशॉपमध्ये नाही तर झोपेत.

तेवढ्यात पुण्याहून भावाचा फोन आला. लपवाछपवी अण्णांना माझ्यापुढं जमली नव्हती, त्याच्यापुढं त्यांनी प्रयत्नही केला नाही. म्हणाले, "माझीच घाई झाली. हिनं बरोबर सांगितलं होतं."

मी फोन ओढून घेतला आणि सांगितलं, की त्यांनी अक्षरशः मी सांगितलं तेच केलंय. भाऊ शांत होता. शांतच असतो तो. म्हणाला, "ताई, चूक कुणाची हा प्रश्नच नाही. ते आठवडाभर पाण्यावाचून होते आणि आपल्याला कळलं नाही. दिवाळीची वाट कशाला बघायची?"

त्याचं खोटं नव्हतं. पुढच्या शनिवारी गाडी घेऊन येतो म्हणाला. अण्णांनी मान खाली घातली आणि व्हय म्हणाले. आणि मला काय वाटलं? मला हलकं वाटलं. आता संध्याकाळी घरी येऊन मी पाच मिनिटं नुसती पडू शकेन, हा विचार सगळ्यात आधी आला. रडू त्यानंतर आलं.

आठवडा काढायला टँकरवाल्याकडून ड्रम भरून घेतले. आईची ती नळाखालच्या हाताची आणि घागरीची गोष्ट मी अण्णांना सांगितली, काही उपयोग नव्हता तरी. त्यांनी नेहमीसारखी म्हणून दाखवली. मग म्हणाले, ही अशी नळाखाली उभी राहायची, इतक्या वर्षांत मला दिसली कशी नाय.

शनिवारी भाऊ आला. रविवारी सकाळी मी पोचले तेव्हा अण्णांची बॅग दारात होती. आईचा फोटो टॉवेलात गुंडाळून वर ठेवलेला. गॅस बंद केला, खिडक्या लावल्या. मी फ्रिज रिकामा करत होते आणि भाऊ कुलूप शोधत होता, इतक्यात मोरीतला नळ फुसफुसला.

आम्ही तिघंही जागच्या जागी थांबलो. घर सोडून निघालोय, पाण्याशी आता देणंघेणं नाही, हे तिघांनाही कळत होतं. पण या गावात वाढलेल्या माणसाला नळ आल्यावर तसंच निघून जाता येत नाही. पायच निघत नाही. पुण्यात राहून राहून साहेब झालेला माझा भाऊ बाह्या सरसावत मोरीत शिरला. टँकरचं पाणी नाही तरी वासच मारतंय म्हणाला, आणि त्यानं पहिला ड्रम कलता केला. थोडं पाणी सांडलंसुद्धा.

अण्णांनी त्याचं मनगट धरलं.

"थांब. हवा हाय ती. पाणी हाताला लागू दे."

आणि ते नळाखाली तळवा धरून उभे राहिले. भाऊ कलता ड्रम धरून तसाच. बराच वेळ नुसतं फुस्‌ फुस्‌. मग नळ खोकला, तांबूस पाणी आलं, अण्णांनी ते संडासच्या बादलीत घेतलं. मग नितळ धार लागली. त्यांनी दुसरी बादली भरू दिली, टँकरच्या पाण्याची एक घागर भरून झाकून कोपऱ्यात ठेवली आणि मग भावाकडं बघून मान हलवली. आता ओत.

पुढचा दीड-दोन तास आम्ही तिघांनी पाणी भरलं. अण्णा सांगत होते, आम्ही करत होतो. कोणता ड्रम आधी, नळी कुठं पिळवटते, माठ विसळून मगच भर, हंड्यावर फडकं बांध. सहा महिने माझ्याकडून एक एक नट घेतलेला तो माणूस आता आख्खं इंजिन चालवत होता. बादल्या, पातेली, डबे, आईचं तांब्याचं घंगाळसुद्धा भरलं. घरात भरायला काही उरलं नाही तेव्हा नळ बंद केला.

भावानं रुमालानं हात पुसले आणि बॅग उचलली. अण्णा दारात आले, एकदा मागं भरलेल्या घराकडं बघितलं आणि म्हणाले, "एवढं पाणी भरलंय. हे टाकून कसा येऊ?"

भावानं भरलेल्या ड्रमांकडं बघितलं. पुण्यातल्या कुठल्याही माणसाला यावर उत्तर सुचलं असतं, पण तो याच गावात वाढलेला.  त्यानं बॅग आत नेऊन पलंगावर ठेवली, फोटो टॉवेलातून काढून खिळ्याला लावला, आणि दिवाळीला बघू म्हणाला. जाताना मला बाजूला घेऊन विचारलं, की तुला झेपेल ना? मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

तो गेल्यावर मी बाहेरच्या पायरीवर बसले. साडी गुडघ्यापर्यंत ओली, कंबर आखडलेली. उद्या सोमवार, वह्यांचा गठ्ठा तपासायचा तसाच पडलेला. अण्णा राहिले याचा मला मनापासून आनंद झाला होता, आणि आता हे फोन संपायचे नाहीत म्हणून मनातून खचलेही होते. दोन्ही एकदमच.

अण्णा आतून तांब्या घेऊन आले. मला वाटलं प्यायला आणलाय, म्हणून हात पुढं केला.

"हे घागरीतलं जुनं हाय," ते म्हणाले. "आता ओतायला हरकत नाय. सकाळी तशीच आत गेलीस. पाय पुढं कर."

मी म्हटलं, राहू द्या अण्णा, तुम्ही कशाला. ते न ऐकल्यासारखं करून गुडघ्यावर हात टेकून वाकले. हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. फोनवरच्या इतक्या सगळ्या कामांत हे काम नव्हतंच. मी चपलेतून एक पाय काढून पुढं केला. अण्णांनी सावकाश, धार न मोडता, घोट्यापासून बोटांपर्यंत पाणी ओतलं. तांब्यात अजून अर्धं शिल्लक होतं.

"आता दुसरा," ते म्हणाले.