आरोपीचं पूर्ण नाव

"आरोपीचं पूर्ण नाव सांगा," जज मॅडम म्हणाल्या.

नाना कोर्टात पुढं उभे होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात सातबारा. जामीनदार म्हणून आले होते. माझ्या भावाचे जामीनदार.

"राजू," नाना म्हणाले.

"पूर्ण नाव."

नानांनी मान वळवून माझ्याकडं पाहिलं. भर कोर्टात हसत विचारलं, "काय गं, काय नाव लावतो तुझा भाऊ? आन तुझ्या बापाचं काय ते? तुमची नावं जिभेवर बसतच नाय बघ."

मागच्या बाकावर दोघं-तिघं खुसखुसले. वकिलानं कागदावर सगळं लिहून दिलं होतं. तो वाचायची तसदीपण नानांनी घेतली नव्हती.

रियाज उस्मान शेख. हे माझ्या भावाचं नाव. नानांच्या गंगापूरच्या शेतावर आमचे अब्बा वीस वर्षं ट्रॅक्टर चालवायचे. त्यांना सगळे डायवर म्हणायचे. अब्बा गेले, रियाज त्या सीटवर बसला. लहानपणी, तो पाच वर्षांचा असतानाच नानांच्या बायकोनं त्याचं राजू केलं होतं. आम्हाला वाटलं, माया आहे. अम्मी तर मोहल्ल्यात सांगत फिरली. डोंबलाची माया!

झालं असं की, रियाज उसाची ट्रॉली घेऊन निघाला होता. ट्रॉलीचा मागचा लाइट बंद. त्यानं नानांना दोनदा सांगितलं होतं. "चालतंय रे," म्हणाले. दिवेलागणीला एक मोटारसायकलवाला मागून येऊन धडकला. बिचाऱ्याचा पाय मोडला. पोलिसांनी रियाजला उचललं, निष्काळजीपणे गाडी चालवली म्हणून.

दुसऱ्या दिवशी कोर्टानं जामीन दिला. वकील म्हणाला, "झाला जामीन." मी वेडी, धुतलेला शर्ट पिशवीत घालून जेलच्या गेटावर जाऊन उभी राहिले. दुपारपर्यंत उभी. शेवटी शिपाई म्हणाला, "बाई, जामीन झाला, पण जामीनदार कुठंय?"

तेव्हा कळलं. जामीन मिळणं वेगळं आणि सुटणं वेगळं. तुमच्यासाठी कोणीतरी उभं राहावं लागतं, आणि त्या कोणीतरीजवळ जमीन पाहिजे, नायतर पगाराची स्लिप. मी चिकलठाण्याच्या कंपनीत अकरा वर्षं पॅकिंगला आहे. ठेकेदाराकडून. स्लिप नाय, ओळखपत्र नाय. माझ्या सख्ख्या भावाला मीच ओळखते असं सांगायची माझी ऐपत नव्हती.

नानांच्या पुतण्यानं मागच्या साली एकाचं डोकं रॉडनं फोडलं. मोठा गुन्हा, अजामीनपात्र. तो चौथ्या दिवशी घरी आला, नानांच्याच सातबाऱ्यावर. फटाके फोडले होते लोकांनी.

म्हणून मी नानांच्या गारखेड्याच्या बंगल्यावर गेले.

"येतो की," नाना म्हणाले. "राजू आपलाच पोरगा आहे. उद्या बघू."

"आलीच आहेस तर तेवढी भांडी घे गं," आतून त्यांची बायको म्हणाली.

घेतली. दुसऱ्या दिवशी भांडी आणि फरशी. तिसऱ्या दिवशी धुणंसुद्धा. कंपनीतून सुटले की रोज बंगल्यावर. रोज उद्या. सतरा दिवस. किल्ली त्यांच्या हातात होती. आत तो, बाहेर मी. त्याला निदान तारीख होती. मला तीपण नव्हती. अम्मीनं भाकर सोडली होती. रोज दारात एकच विचारायची, "आया क्या मेरा बच्चा?"

अठराव्या दिवशी नाना म्हणाले, "येतो उद्या. पण लाइटाचं कुठं बोलायचं नाय. राजूला बजावून सांग."

मी म्हणाले, "हौ नाना." लाज वाटते आता, पण म्हणाले.

आणि मग कोर्ट. मग ते हसणं. कारकून पेन धरून माझ्याकडं बघत थांबलेला. नाव सांगितलं असतं तर संध्याकाळी भाऊ घरी होता. तीन शब्दांचं काम. ते ओठावर आलेपण होते.

पण माझं डोकंच फिरलं. मी उठून उभी राहिले.

"मॅडम, हे माझ्या भावाला ओळखत नायत. यांचा जामीन आमाला नको."

"येडी झाली काय!" वकील ओरडला. नानांचा चेहरा लालबुंद. सातबाऱ्याची घडी घालून तरातरा निघून गेले. वकीलपण गेला.

व्हरांड्यात आले. या अल्ला, काय करून बसले मी! भिंतीला टेकून रडले. तिथं मोफत सल्ल्याच्या टेबलावर एक वकीलबाई बसतात. त्यांनी बोलावलं, कागद पाहिला आणि कपाळावर हात मारला.

"अगं, गुन्हा जामीनपात्र आहे. गरिबाला आठवड्यात जामीनदार मिळाला नाही तर त्याच्या स्वतःच्या हमीवर सोडायचं असतं. जातमुचलका म्हणतात. कायद्यातच आहे. कोणी सांगितलं नाही?"

नाय. कोणीच नाय. वकिलानं नाय, नानांनी नाय. आठवड्यानंतरचा एकेक दिवस माझा भाऊ फुकट आत होता, आणि मी फुकट फरशा पुसत होते.

अर्जाला तीन दिवस लागले. रियाज स्वतःच्या सहीवर सुटला. मला मिठी मारली नाय त्यानं. "आपा, नाना आले होते ना? मग का नाय सोडवलं? हे तीन दिवस मी कसे काढले तुला माहीत नाय." त्याचं खरंच होतं. ते तीन दिवस माझ्या माथ्यावर आहेत. राहू देत.

आता सुट्टीच्या दिवशी मी त्या व्हरांड्यात बसते. पिशवीत शर्ट घेऊन आलेल्या बाया लांबून ओळखू येतात. त्यांना आधी विचारते, गुन्हा जामीनपात्र आहे का, किती दिवस झाले. मग हाताला धरून त्या टेबलावर नेते. कोणाचा सातबारा मागायला जाऊ देत नाय.

परवा नानानं माणूस पाठवला. "राजूला कामावर ये म्हणावं. झालं गेलं विसरू. तारखेला फक्त जपून बोल म्हणावं."

मी दारातच उभी होते. म्हणाले, "इथं राजू कोणी राहत नाय."

रियाज आत जेवत होता. हात धुऊन बाहेर आला, माझ्या शेजारी उभा राहिला. त्या माणसाला म्हणाला, "लाइट बंद होता. मी दोनदा सांगितलं होतं. तारखेला हेच बोलणार. लिहून घे, रियाज उस्मान शेख."