धोंडीची बेडकी

मी चौथी पास. भूत-भानामती कधी मानली नाही. कोणाच्या अंगात आलं की मी उठून घरी यायची. तरी हे लिहिते आहे... ऐकणारे आम्ही दोघंच होतो, आणि आता मी एकटी उरले.

नागपूरकडच्या सेलूजवळचं आमचं गाव. तेव्हा आपला भाग मध्य प्रदेशात होता. माझे धाकटे दीर नागपुरात जीवशास्त्रात डॉक्टरेट करत होते. विषय — बेडकाचा आवाज. नर ओरडतो, मादी ओरडत नाही. ते का, हे त्यांना चिरून दाखवायचं होतं. सासूबाई म्हणायच्या, "एवढा शिकला अन् बेंडकाईच्या मांगं फिरून राह्यला."

त्या वर्षी श्रावण कोरडा गेला. मादी शोधायला भाऊजी गावी आले, तरी मिळेना, आणि तिच्यावाचून प्रबंध अडला. इकडे पावसासाठी आम्ही बायकांनी धोंडी काढली. मुसळाला कडुनिंबाचा डहाळा, त्यात जिवंत बेडूक बांधायचा, घरोघर त्यावर पाणी ओतून घ्यायचं आणि शेवटी त्याला नाल्यात सोडायचं. सोडायचं काम माझ्याकडे होतं. वाटेत भाऊजी आडवे आले.

"वहिनी, ते मादी हाय. मले द्या."

"धोंडीची हाय, भाऊजी. सोडा लागते."

"मी सोडतो नं मंग."

"चिरून?"

ते हसले. मीही हसले, आणि दिली. बायकांना सांगितलं, सोडली.

दुपारी घरापुढच्या सपरीत, छपराखाली, त्यांनी मेणाच्या ताटलीत ती टाचण्यांनी ताणली. अंडी काढली, काळीज-फुप्फुस बशीत ठेवलं. मी शेजारी डाळ निवडत होते. तेवढ्यात ताटलीतून आवाज... डराव, डराव... भरल्या नाल्यातल्या नरासारखा. तिचा गळा हलत नव्हता.

भाऊजींनी चिमटा खाली ठेवला. "ऐकलं तुम्ही?"

"ऐकलं."

"माद्या अशा नाई ओरडत, वहिनी. आवाजाची पिशवीच नाई हिले, पाहा."

मी पाहिलं. नव्हतीच. मी घागरीतलं पाणी तिच्यावर ओतलं, तेव्हा ती थांबली.

पाऊस नंतर आला, सगळ्यांच्याच शेतात आला. प्रबंध मात्र तिथेच थांबला.

"लिहून टाका," मी म्हणाले. "एका बेंडकीनं काय होते?"

"मादी मुकी असते असं लिहू? अन् आपण ऐकलं ते?"

ते पुलगावच्या शाळेत मास्तर झाले. मला कधी बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं. नातू म्हणतो, मेल्यावर आतली हवा निघते. फुप्फुस बशीत होतं... हवा कुठून निघेल? मला अजून कळलेलं नाही.

मागच्या वर्षी भाऊजी गेले. पेपरात नावापुढे 'गुरुजी' छापलं होतं. तिथे 'डॉक्टर' असायला हवं होतं, आणि ते का नाही हे घरात फक्त मला ठाऊक होतं.