मूठ वळ बघू

"मूठ वळ बघू." सकाळी उपकेंद्राचं कुलूप काढलं की मावशीचं पहिलं वाक्य हेच. मी मूठ वळायची. ती माझी बोटं दाबून बघायची आणि म्हणायची, "वळती. लाग कामाला, पोरी." चहाचं नाव त्यानंतर.

अशी एखादी दाई तुम्हीही पाहिली असेल. आमची चुडाव्याजवळच्या एका खेड्यातली, मेंढरं राखणाऱ्या घरची. मी तिथं नर्स होते, बाळंतपणाला ती माझ्या जोडीला असायची. एकदा पाहणीला आलेल्या साहेबांनाही तिनं मूठ वळायला लावली. साहेबांनी मुकाट्यानं वळली. मी भिंतीकडं बघत उभी राहिले.

तिच्या आईची बोटं ऐन उमेदीत वाकली होती. "सकाळी मूठच वळायची न्हाई तिची. भाकर थापता थापता रडायची," ती सांगायची. आईचे हात अंधारानं वाकले, हे मावशीचं ठाम मत. "दर बाळंतपणात सव्वा महिना अंधाऱ्या खोलीत. दाराला गोधडी, खाली शेगडी. ऊन कुठं लागलं तिला?"

म्हणून बाळंतिणीच्या घरात शिरली की ती आधी दाराची गोधडी ओढून काढायची. सासवा तिच्यावर तुटून पडायच्या. बाळंतिणीला वारं बाधंल म्हणायच्या.

"बाधू द्या. वाऱ्याला औषध हाय. वाकल्या बोटाला न्हाई."

बाज अंगणात यायची आणि आई-लेकरू कोवळ्या उन्हात. सासू आत भांडी आपटत राहायची. पुढं पुढं बायका आपणहून बाज बाहेर काढू लागल्या. कोण भांडणार रोज?

मावशीला दोन लेकी. थोरली आणि धाकटी, दोघींनाही तिनं तेल लावून उन्हातच वाढवलं. थोरलीला सोनपेठकडं दिलेली. पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी आली, सगळं नीट झालं. काही आठवड्यांनी मी लेकराचं वजन करायला गेले, तर थोरली अंगणात बाजेवर बसलेली, ऊन अंगावर.

"मूठ वळ बघू," मावशी म्हणाली.

थोरलीची बोटं अर्ध्यात थांबली. मावशीनं ती दाबली.

"माय, दुखायलंय."

मावशीनं बाज अजून उन्हात ओढली.

थोरलीला परभणीला दाखवायचं ठरलं. विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस, त्या दिवशी बंद होता, एसटी नव्हती. आम्ही चुडाव्याहून रेल्वेनं गेलो. डॉक्टर म्हणाले, "हा संधिवातच. यात शरीर स्वतःच्याच सांध्यांवर उलटतं."

"पण ऊन दिलं की मी. दोघींना सारखंच. धाकटीला कायबी न्हाई."

"मावशी, ऊन सारखंच दिलंत. ते घेणारं अंग सारखं नसतं. काही घरांत हा आजार रक्तातून येतो."

परतीच्या गाडीत मावशीनं स्वतःची मूठ वळली, उघडली, पुन्हा वळली. छान वळत होती. "मला टाळून लेकीला गेलं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी कुलूप काढलं आणि सवयीनं हात पुढं केला. मावशीनं कोपऱ्यातला झाडू घेतला. त्यानंतर तिनं कुणालाच मूठ वळायला सांगितलं नाही. बाळंतिणींची बाज मात्र बाहेर काढायची, पण गोधडी न ओढता, सासूला विचारून. रोजची कटकट गेली, मला बरं वाटायला हवं होतं. काहीच वाटत नव्हतं. हात तेवढा उगाच पुढं जायचा.

पुढं फार वर्षांनी एका प्रशिक्षणात ऐकलं. उन्हातून अंगात जे जीवनसत्त्व तयार होतं, ते किल्लीसारखं पेशीतल्या एका कुलपात बसलं तरच कामाला लागतं, आणि त्या कुलपाची घडण घराण्यागणिक थोडी वेगळी असते. असल्या आजारांशी त्याचा संबंध असावा, पण अजून पक्कं नाही, असं म्हणाले. मी लिहून घेतलं नाही. सांगायला मावशी कुठं होती?

ती गेली त्या सकाळी मी तिथंच होते. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू पडलेले, बोलणं तुटक. दोन्ही लेकी उशाशी. इतक्या वर्षांनी मावशी एकदम म्हणाली, "थोरले, मूठ वळ बघू."

थोरलीनं हात पदराखाली घेतला. "वळती, माय."

मावशीनं हात पुढं केलेला तसाच ठेवला. तेव्हा धाकटीनं गुपचूप आपली मूठ तिच्या हातात दिली. मावशीनं एकेक बोट दाबून पाहिलं. साऱ्या गावाची बोटं चाचपलेल्या बाईला आपल्या लेकीचा हात ओळखू येत नसेल, असं तुम्हाला वाटतं? मला नाही वाटत.

"वळती," ती म्हणाली. "लाग कामाला."

थोरली पदराखाली हात धरून तशीच उभी राहिली.