सुमनबाई उठतात तेव्हा

आमच्या वळणावर डाव्या हाताला मेथी-कोथिंबीर घेऊन बसणाऱ्या सुमनबाई माझी गाडी दुरून दिसली की पाटी उचलून उभ्या राहायच्या. जन्मभर मास्तरकी केलेल्या मला त्यात नवल वाटायचं नाही. मी मान हलवून पुढे जायचो. काचबिंदूमुळे डावीकडचं दिसणं कमी झालंय, गाडी चालवू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. घरी मी बोललो नव्हतो. डाव्या दारावर ओरखडे दिसले की वॉचमनला झापायचो.

आज गाडी गॅरेजला, म्हणून पायी निघालो. सुमनबाई बसूनच जुड्या बांधत होत्या.

"काय हो, आज उठला नाहीत?" मी गमतीने म्हटलं.

"आज तुम्ही पायी आहात ना, सर. मागं तुमचं चाक पाटीवरून गेलं, तेव्हापासून गाडी दिसली की उठते."

चाक गेल्याचं मला कळलंसुद्धा नव्हतं. म्हाताऱ्या माणसाला लोक वाट देतात. त्यातले किती आदरानं आणि किती भीतीनं, हे मी कधी पाहिलंच नाही.

त्या जीव वाचवायला उठत होत्या, आणि मी रोज त्यांचा नमस्कार स्वीकारत होतो.